बाजाराच्या दिवशीचा पेळू

अब्बा, तुमच्या नातीनं मला एक फोन आणून दिलाय. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत कुणाकडेच फोन नव्हता, त्यामुळे हे प्रकरण तुम्हाला कसं समजवावं याचाच मी चहा होईपर्यंत विचार करत होते. तळहाताएवढी काच समजा. तिच्यात माणसं दिसतात, बोलतात, कापसाचा भाव कळतो, नमाजाची वेळ कळते, आणि चुकून बोट लागलं तर कुणीतरी अनोळखी माणूस एकदम मोठ्यानं गाणं म्हणायला लागतो. त्याला गप्प कसं करायचं हे मला सुरुवातीला कळत नव्हतं, तेव्हा मी सरळ त्याच्यावर उशी ठेवायची. उशी तीच, तुम्ही माझ्यासाठी केलेली, हातभर लांबीची. खोळ कितीदा बदलली, आतला कापूसही मधूनमधून उन्हात टाकून मोकळा करते, पण उशी तीच म्हणायची. आता फोन दिवसभर त्याच उशीला टेकून उभा असतो, घरातल्या जावयासारखा.

तसा बटणांचा फोन माझ्याकडे होताच आणि माझं त्याच्यावर छान चाललं होतं. वाजला की उचलायचा, बोलणं झालं की ठेवायचा, यापलीकडे त्याची माझ्याकडून काही अपेक्षा नव्हती. पण गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीत घसरले. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. आतल्या खोलीत फोन वाजत होता, बंद पडत होता, पुन्हा वाजत होता, आणि मी ओल्या फरशीवर बसून तो ऐकत होते. शेवटी शेजारीण कढीपत्ता मागायला आली आणि तिनं मला उठवलं. लेक पुण्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ती दुसऱ्याच दिवशी इथं उमरखेडला येऊन हजर. माझा पाय दाबून पाहिला, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "मम्मी, आता दोनच रस्ते आहेत. मी देतो तो फोन वापर, नाहीतर सामान बांध अन् चाल पुण्याले." मी म्हटलं, "नवा फोन असता तरी तो आतल्या खोलीतच वाजला असता ना?" तर म्हणते, "वाजला असता. पण मले समजलं असतं, का तू सकायपासून दिसून नाही राह्यली."

तिचं घर चांगलं आहे, अब्बा. जावईही चांगले आहेत. पण सहाव्या मजल्यावर आहे ते, आणि खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते. समोरच्या बाईनं पडदा लावून घेतलेला असतो. इथं मी सकाळी दार उघडलं की निदान चार जणांना माझं दार उघडलेलं दिसतं. ज्या मुलांना मी बाराखडी शिकवली त्यांची मुलं आता रस्त्यात सायकल थांबवून 'बाई, कुठं चालल्या?' विचारतात. हे दोन खोल्यांचं घर मी आणि तुमच्या जावयानं मिळून बांधलं, ते याच घरातून गेले, आणि तुमची आणि अम्माची कबर इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. मला इथंच राहायचं आहे. म्हणून मी फोन घेतला. तो हवा म्हणून नाही घेतला, हे मी तिला स्पष्ट सांगितलं आणि तुम्हालाही सांगते.

खरंच लागतो का हो हा फोन माणसाला? हा प्रश्न गल्लीत सगळ्यांना विचारून झाला आणि लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी विचारलं की चपला लागतात का. गॅसचा नंबर लावायचा तर फोन. बँकेत गेलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, बाई, फोनवर आकडा आला असेल तो सांगा. लग्नाचं आवतणही आता फोनवर येतं; कुणी घरी येऊन तांदूळ-सुपारी देत नाही की चहा पीत नाही. आणि पेन्शनसाठी दरवर्षी आपण जिवंत आहोत असं सिद्ध करावं लागतं, तेही फोनपुढे तोंड धरून. डोळे मिचकवा म्हणून तो सांगतो. मी मिचकवले. पुन्हा मिचकवा म्हणाला. पस्तीस-चाळीस पोरांचा वर्ग जिच्या एका नजरेनं गप्प बसायचा, ती मी भिंतीपुढं उभी राहून एका काचेला डोळे मारत होते, आणि शेजारीण पदर तोंडात कोंबून हसत होती. "बाई, जराशा हसा ना," म्हणे, "म्हंजे त्याले खरं वाटन."

ही शेजारीण शेतकऱ्याघरची, कापूस, सोयाबीन, तूर सगळं आहे घरचं, आणि फोनमध्ये माझ्याहून कितीतरी तरबेज. रोज पहाटे ती सगळ्या नातेवाइकांना गुलाबाची फुलं पाठवते. खरी नव्हे, फोनमधली. त्यावर दव, दवात सूर्य आणि खाली शुभ सकाळ. मी आधी हसायची. लेकीनं जेव्हा अट घातली, की रोज सकाळी चहाच्या वेळेला तू मला काहीतरी पाठवायचं, म्हणजे तू ठीक आहेस हे मला कळेल, एक दिवस जरी चुकलीस तर गाडी करून येईन आणि सामानासकट नेईन, तेव्हा शेजारीण म्हणाली, "त्यात काय एवढं, मी देतो तुमाले फुलं." तिनं गठ्ठ्यानं पाठवली. माझ्या बोटानं ती लेकीकडे जाईनात, अब्बा. लाज वाटत होती. माझं बरं असणं मी कुणाच्या तरी गुलाबात का बांधून पाठवू? दोन-तीन दिवस मी नुसतंच 'ठीक आहे' असं लिहून पाठवलं आणि ते वाचून माझं मलाच कसंतरी झालं, वहीवर शेरा मारल्यासारखं. मग एका सकाळी जुन्या गादीचा कापूस उन्हात टाकला होता, त्यातला मूठभर घेतला, मांडीवर ठेवून तळहातानं वळला आणि खिडकीत ठेवून त्याचा फोटो काढून पाठवला.

तुम्हाला आठवतं ना सगळं? मला तर वाटतं मलाच जास्त आठवतं, कारण तुम्ही तेव्हा इथं नसायचात. दसरा झाला की तुम्ही खांद्यावर ती उंचच्या उंच कमान टाकून निघायचात, पैनगंगेच्या काठानं या गावातून त्या गावात, लोकांच्या ओसरीवर बसून त्यांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजायला. मधे एखादी चक्कर घरी, नाहीतर थेट होळीच्या सुमाराला परत. आज कुठल्या गावात आहात, उद्या कुठं असाल, काही ठावठिकाणा नसायचा. चिठ्ठी लिहायची तर तुम्हाला लिहिता येत नव्हतं आणि अम्माला वाचता येत नव्हतं. पण आठवड्यातून एकदा उमरखेडचा बाजार भरायचा आणि प्रत्येक गावातून कुणी ना कुणी त्या बाजाराला यायचंच. त्या माणसाच्या हाती तुम्ही एक पेळू द्यायचात. ताज्या पिंजलेल्या कापसाची बोटभर जाडीची गुंडाळी, पळसाच्या पानात बांधलेली. पेळू आला म्हणजे तुम्ही ठीक आहात. एवढाच त्याचा अर्थ.

एवढाच, असं मला वाटायचं. अम्माला त्यात आणखी पुष्कळ दिसायचं. ती पान उघडायची, पेळू उजेडाकडे धरायची आणि बोटांच्या चिमटीतून हळूच फिरवायची. एकसारखा असला तर सरळ कोनाड्यात ठेवायची. जाड-बारीक असला तर म्हणायची, "हात दुखून राह्यले त्यायचे." एकदा सैल वळलेला आला तर दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं, ताप असेल म्हणाली, आणि तुम्ही घरी आल्यावर विचारलं तर खरोखर ताप येऊन गेला होता. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. एका बाजाराला अम्मा घरात नसताना पेळू आला आणि मी तो उलगडून फुंकर मारमारून घरभर उडवला. अम्मा परत आली, तिनं हवेत तरंगणारा कापूस पाहिला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो. "कोणाचा निरोप आलता तो, अन् तू त्याच्याशी खेयते?" म्हणाली, आणि मग माझ्याच शेजारी बसून जमिनीवरचे पुंजके वेचायला लागली. मीही वेचले. आम्ही दोघींनी मिळून तो पुन्हा वळला, पण अम्मा म्हणाली, आता हा आपला झाला, त्यांचा नाही राहिला.

आणि पेळू काही एकटा यायचा नाही. जो घेऊन यायचा तो घरात यायचा, पाणी प्यायचा, चहा प्यायचा, आणि तुम्ही जे सांगू नका म्हणून बजावलेलं असेल ते सगळं सांगायचा. "खोकून राह्यले होते जरासे." "आमच्या घरची वांग्याची भाजी लय आवडली त्यायले, तीन भाकरी खाल्ल्या." "पोरीची आठवण काढत होते." फोनवर हे होत नाही, अब्बा. फोनवर आपण जेवढं पाठवू तेवढंच पोचतं. नाही, हे मी पूर्ण खरं बोलत नाही. लेक कधीकधी तोंड दाखवायला लावते, आणि मी कितीही हसले तरी तिला दिसतंच. "डोळे काहून सुजले? झोपली नाही का?" विचारते. म्हणजे आणणाऱ्याचं कामही आता ही काचच करते, फक्त तिला चहा द्यावा लागत नाही. आणि मला तो चहा द्यायला आवडायचं, तेवढंच.

तो कार्तिक महिना आठवा, ज्यातल्या एका बाजाराला पेळू आला नाही. अम्मा दुपारपासून दारात उभी. बाजार भरला, बाजार मोडायला आला, गावोगावच्या बैलगाड्या परत निघाल्या, आणि कुणी आलं नाही. संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही. सकाळी तिनं ओळखीच्या एका भाजीवाल्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पिंजारी नदीपलीकडच्या गावात गेलेत असं ऐकलं होतं. आमची अम्मा, जी एकटी कधी डॉक्टरकडेही गेली नव्हती, तिनं अंगावर बुरखा चढवला, माझा हात धरला आणि त्या बाजूला जाणाऱ्या एका गाडीवानाला हात केला. गाडीत सरकीची पोती होती. मी पोत्यांवर, अम्मा कडेला पाय सोडून. वाटभर तिचे नुसते ओठ हलत होते. मी मात्र खूश होते. मला बैलगाडीत बसायला मिळालं होतं.

गाव अजून बरंच लांब होतं. तुरीची शेतं होती दोन्हीकडे, माझ्या डोक्यावरून उंच. आणि त्या तुरीच्या वरून आवाज आला. तंय्य, तंय्य, तंय्य. तुमच्या कमानीच्या दोरीचा, तातीचा आवाज. दुसऱ्या कुणाची तात तशी वाजतच नव्हती. अम्मानं गाडीवानाला थांबवलं, खाली उतरली आणि शेताच्या धुऱ्यावर बसूनच गेली. बुरख्याच्या टोकानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग काय म्हणाली सांगू? म्हणाली, "बरे हायेत. चाल, आपण जाऊ वापस." मी म्हटलं, अब्बाला भेटायचं नाही? तर म्हणे, "काय सांगू त्यायले, कायले आली म्हून? लोक हसतीन." तिला एवढ्या लांब येऊन नुसता आवाज ऐकून परत जायचं होतं. मी तिथंच धुऱ्यावर भोकाड पसरलं म्हणून, नाहीतर आम्ही खरंच परत गेलो असतो.

तुम्ही एका ओसरीवर बसला होतात. भुवयांवर कापूस, मिशांवर कापूस, कानांच्या पाळ्यांवर कापूस. मला वाटलं अब्बा एका महिन्यात म्हातारे झाले. तुमचा हात थांबला. तात थरथरत राहिली थोडी. तुम्ही अम्माकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आली?" बस, तेवढंच. मग मला उचललंत आणि माझ्या नाकातोंडात कापूस गेला. अम्मा अजून दारातच. "पेयू काहून नाही आला?" तिनं विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, दिला की, बाजाराच्या चार दिवस आधीच याच घरच्या बाईंच्या बाजाराच्या टोपलीत ठेवला. घरधनीण आतून हात पुसत आली. तिला काही कळेना. कळलं तेव्हा तिनं दोन्ही कानांना हात लावले. "माय वं! तो निरोप होता? मले वाटलं, देवासाठी देल्ला यायनं. कार्तिक चालू हाय, म्हटलं पिंजारीबुवानं वातीले कापूस देल्ला. इतका पांढराशिप्पट, इतका मऊ! म्या त वाती वयल्या त्याच्या. रोज संध्याकायी तुयशीपाशी तुमचाच कापूस जयून राह्यला बाई."

तुम्ही हसायला लागलात. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसू. अम्मा काही हसली नाही. "तिले सांगतलं काहून नाही, हे कायचं हाय म्हून?" तुम्ही कमानीवरचा कापूस झाडत म्हणालात, "इसरलो." त्या बाईनं आम्हाला जाऊ दिलं नाही. पिठलं-भाकर केली, अम्माला पाटावर बसवून वाढली, आणि जेवणं झाल्यावर तुम्ही त्याच दिवशी भरलेली त्यांची नवी गादी ओसरीवर अंथरली. तुम्ही नको नको म्हणत होतात, गिऱ्हाइकाच्या गादीवर आपण बसायचं नाही हा तुमचा नियम. पण तिनं ऐकलं नाही. संध्याकाळी तिनं तुळशीपाशी दिवा लावला तेव्हा अम्माला हाक मारून दाखवला. त्यात तुमच्या पेळूची शेवटची वात होती. अम्मा दिव्याकडे बघत उभी राहिली आणि तेव्हा कुठं तिला हसू आलं. परतीच्या वाटेवर आणि पुढं कितीतरी दिवस ती मधेच स्वतःशी म्हणायची, "इसरले म्हणे! भाकर खायचं इसरत नाहीत, बिडी इसरत नाहीत, अन् एवढंच बरं इसरले."

हे सगळं मी लेकीला कधी सांगितलंच नव्हतं. त्या पहिल्या फोटोवर तिचा फोन आला, "मम्मी, हे काय पाठवलं? बत्ती हाय का?" तेव्हा सांगितलं. ती ड्यूटीवर निघाली होती, दारात उभी राहूनच ऐकत होती. वातींचं ऐकून खूप हसली, तुमच्यासारखी, पण बिनखोकल्याची. मग तिनं विचारलं, "अन् नाना गेले तेव्हा?" आणि मला तेही सांगावं लागलं.

तुम्हाला ते कुणी सांगितलं नसेल. तुम्ही गेलात तो बाजाराचा दिवस होता. सकाळी तुम्ही पेळू दिलात, तो संध्याकाळी आमच्याकडे पोचला. अम्मानं पान उघडलं, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "पाह्य व, किती सुबक वयला आज." खरंच सुबक होता. इतका एकसारखा पेळू तुम्ही कधी पाठवला नव्हता. तिनं तो कोनाड्यात ठेवला, माझ्या डोक्याला तेल लावलं, स्वतःचीही वेणी घातली. कणीक मळताना ती गुणगुणत होती, जे ती क्वचित करायची. तुम्ही त्या वेळी तिकडे, एक गादी पुरी करून, छातीवर हात ठेवून जरा आडवे झाला होतात आणि पुन्हा उठला नव्हतात. आम्हाला काय ठाऊक. आमच्या कोनाड्यात तुम्ही ठीक होतात. सकाळी गाडी आली. गावातले चार लोक डोक्याला फडकी बांधून गाडीच्या मागे चालत होते. अम्मा त्यांच्याकडे बघत म्हणत राहिली, "पण पेयू आलता. कालच आलता. चांगला आलता."

तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना नाकाकानात ठेवायला कापूस लागला तेव्हा घरात पोत्यानं कापूस होता, पिंजाऱ्याचंच घर ते. पण अम्मा उठली, कोनाड्यातला तो पेळू काढला आणि बाहेर दिला. "हाच वापरा," म्हणाली. तुमचा शेवटचा निरोप तुमच्याबरोबरच गेला. त्यानंतर तो कोनाडा तिनं कधी कशासाठी वापरला नाही.

लेक सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मम्मी, तेव्हा फोन असता ना, त नाना वाचले असते. छातीत दुखलं का अर्ध्या तासात दवाखान्यात." ती रोज हेच पाहते, तिला माहीत असणार. असता फोन तर कदाचित आज मी हे लिहीत नसते, किंवा निदान तुमचा आवाज मला अजून आठवत असता. तुमच्या तातीचा आवाज आठवतो, तुमचा आठवत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. पण मग मला अम्माची ती संध्याकाळ आठवते, तेल, वेणी, ते गुणगुणणं. फोन असता तर ती संध्याकाळ तिला मिळाली नसती. तिच्या उरलेल्या सगळ्या आयुष्यात तेवढी निवांत मी तिला पुन्हा पाहिली नाही. तुम्ही वाचणार असाल तर ती संध्याकाळ मी हसत देऊन टाकीन, अम्माही देईल. पण तुम्ही वाचणारच नव्हतात, तर? हे कुणाला विचारायचं? लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मले ड्यूटी आहे, मी संध्याकायी बोलतो," आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

तेव्हापासून रोज सकाळी मी एक पेळू वळते. चहा ठेवते, खिडकीत बसते, मूठभर कापूस मांडीवर घेते. फोटो काढायला आता शिकले आहे, बोट काचेपुढे येत नाही. दोन रेघा उमटतात, निळ्या होतात, म्हणजे तिनं पाहिलं. सुरुवातीला ती नुसता अंगठा पाठवायची. मग एके दिवशी लिहून आलं, "आज एका बाजूनं जाड झाला. उजवा खांदा दुखून राह्यला का?" दुखत होता, अब्बा. पावसाळी हवा होती आणि खांदा खरंच दुखत होता. तिला हे कुणी शिकवलं नाही. मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले आणि चहा उतू गेला. शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली, "तुमची पोरगी त तुमच्या मायवर गेली वं बाई." तिनं माझ्या अम्माला कधी पाहिलं नाही, पण बरोबर बोलली.

फोन लागतो की नाही, याचा निकाल मी अजून दिलेला नाही. लेकीला तर मुळीच दिलेला नाही, ती लगेच डोक्यावर चढेल. हे पत्रही तिला दाखवणार नाही. मी ते शाळेच्या जुन्या रेघांच्या कागदावर, शाईच्या पेननं लिहितेय आणि ते कुठं टाकायचं हे मला माहीत नाही. तुमच्या त्या गावाहून कुणी बाजाराला येत नाही. घडी करून उशीच्या खोळीत ठेवीन, आणखी काय. पण लिहायला बसले ते एक गोष्ट विचारायला. त्या कार्तिकात तुम्ही त्या बाईला सांगायचं खरंच विसरला होतात का? का अम्मा येते का, हे बघायचं होतं तुम्हाला? अम्माचा शेवटपर्यंत तोच संशय होता, आणि 'इसरले म्हणे' म्हणताना ती जे हसायची ते हसू मला तेव्हा कळत नव्हतं.

आता विचारण्याचं कारण सांगते. आजचा पेळू वळून झालाय. खिडकीत ठेवलाय, ऊन चांगलं आलंय, छान एकसारखा झालाय. चहा होऊनही बराच वेळ गेला. खांदा दुखत नाही, फोन बिघडलेला नाही, चार्जिंग होऊन त्याचं पोटही भरलेलं आहे. तरी मी फोटो पाठवलेला नाही. काही कारण नाही, अब्बा. नुसतं वाटलं. ती रागावेल, शेजारणीला पळवेल, कदाचित खरंच गाडी करून येईल, हे सगळं मला ठाऊक आहे.

उशीला टेकलेला फोन थरथरायला लागलाय. काचेवर तिचं तोंड आलंय, जरा घाबरलेलं वाटतंय, पण ते नेहमीचंच चित्र आहे. उचलते आता, उगाच जीव नको टांगणीला तिचा. विचारेल, "मम्मी, काहून नाही पाठवलं?"

इसरली, म्हणीन.